फोरास रोडच्या खालची भातशेती

नागपाड्याच्या आसपास राहणाऱ्या मुलांना पत्ता लिहायला सांगा. कामाठीपुरा, फोरास रोड ही नावं आली की त्यांचं पेन थांबतं. कुणी नुसतं ‘मुंबई सेंट्रल’ लिहितं, कुणी ‘भायखळा’. कारण सगळ्यांना माहीत आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या मागे लागण्याची सवय आहे. ‘फोरास’च्या मागे लागलो तेव्हा वेगळीच मुंबई हाती आली. ती चिखलाची होती, भाताची होती, आणि जिथे आज ही वस्ती आहे तिथे भरतीचं पाणी शिरत होतं.

शाळेच्या पुस्तकात आपण ‘सात बेटं’ वाचतो आणि पुढे थेट गिरण्यांवर येतो. मधली काही शतकं कुठे गेली? त्या काळात बेटांवर माणसं काय खात होती?

सगळ्यात आधी कोळी. याबद्दल वाद नाही. वरळी, माहीम, शीव, माझगाव, जिथे खाडी तिथे कोळीवाडा. पण मासळीबरोबर भात लागतो, आणि भात पिकवायला दुसरी माणसं आली. ‘महिकावतीची बखर’ वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापली. तिच्यात बिंब राजा माहीमला आला आणि त्याच्याबरोबर सहासष्ट कुळं आली अशी कथा आहे. बखरीतला राजा आणि त्याचे शक यांवर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्या कथेतलं एकच महत्त्वाचं वाटतं: पाठारे प्रभू, पाचकळशी, भंडारी ही आज मुंबईची मूळ मानली जाणारी मंडळी स्वतःबद्दल सांगताना ‘आम्ही आलो’ असंच सांगतात.

आणि आपण? मुस्लीम वाचक हा प्रश्न विचारणारच. कोकण किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांची वस्ती फार जुनी. अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चेऊलला आला, त्याला तिथे मुसलमानांची मोठी वस्ती दिसली. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे याच कोकणी, नवायत समाजातले. त्यांनी कुरआनवर अरबी भाष्य लिहिलं ते माहीममध्ये बसून. म्हणजे पोर्तुगीज यायच्या शंभर वर्षं आधी इथे इल्मची परंपरा होती. पण उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. मुंबई बेटांवरचे कोकणी मुसलमान मुख्यतः नाखुदा, खलाशी आणि व्यापारी होते. शेतीचा घाम इथे बहुतेक दुसऱ्यांचा होता. कुणबी, आगरी, भंडारी यांचा.

ती शेती समजून घेण्यासारखी आहे. मुंबईचा मधला भाग खोलगट. पश्चिमेला मलबार हिल ते वरळीपर्यंतच्या टेकड्या, पूर्वेला डोंगरी, माझगाव ते शिवडीपर्यंतचा उंचवटा, आणि मध्ये दरीसारखी सखल जमीन. भरतीला महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून समुद्र आत यायचा. अशा जमिनीला कोकणात खाजण म्हणतात. तिथे बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला उघाडी बंद. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की खाऱ्या जमिनीला चालणारं भात लावायचं. बांध फुटला तर ते वर्ष गेलंच, आणि मीठ मुरलं की पुढचीही काही वर्षं जातात. ज्या खाजणात भात जमत नाही तिथे मिठागर. शिवडी-वडाळ्याकडे मीठ पिकायचं.

उंच जमिनीवर वाड्या. माड, ताड, पोफळी, आंबा, फणस. भंडाऱ्यांची पोटं माड-ताडावर. माडाची माडी, ताडाची ताडी. कमरेला कोयता लावून रोज झाडावर चढायचं, आणि सरकार कुणाचंही असो, झाडामागे कर द्यायचा. माडांना खत म्हणून मुळाशी बारीक मासळी पुरायचे. कोळ्याचा उरलेला माल वाडीवाल्याच्या कामी यायचा. इंग्रजांना त्या वासाने आजार होतात असं वाटायचं, म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ही पद्धत बंद करायचा हुकूम काढला. त्यांची माणसं खरं तर डासांनी मरत होती. पण तेव्हा ते कुणाला कळणार?

या सगळ्याच्या खुणा गिरगावात पावलोपावली आहेत. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट, खेतवाडी. मुगभाट म्हणजे मुगाचं शेत, आज तिथे चाळी आणि छापखाने. चिंचपोकळीत चिंच आहे. भायखळ्यातला ‘खळा’ म्हणजे मळणीचं खळं, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. आमचा भेंडी बाजारसुद्धा भाजीच्या भेंडीचा नाही, भेंडीच्या झाडांचा. दादरच्या आगर बाजारात ‘आगर’ आहे. तिथून जवळच पोर्तुगीज चर्च, १५९६ सालचं. त्याच्या आसपासचे जुने ख्रिस्ती, ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो, ते कोण? याच कोळी, भंडारी, कुणब्यांपैकी ज्यांनी पोर्तुगिजांच्या काळात धर्म बदलला ते. धर्म बदलला, पण शेत तेच राहिलं, भाषाही मराठीच राहिली. हे वाक्य मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगतो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर ही बेटं पोर्तुगिजांना दिली. त्यांनी ती खंडाने वाटली. मुंबई बेट गार्सिया द ऑर्टा या वैद्याकडे होतं. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात आपल्या बेटावरच्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याबद्दल लिहिलं आहे. वैद्य कौतुकाने आंबा लिहितो. खंडाचं भात कोण पिकवत होतं, त्यांची नावं मात्र कुठे येत नाहीत. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ही बेटं कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. दहा पौंडात कोळी, कुणबी, भंडारी, मशिदी, देवळं, चर्च, सगळं आलं.

आता फोरासकडे येतो. पोर्तुगीज भाषेत ‘फोरा’ म्हणजे बाहेर. वस्तीच्या बाहेरची, भरतीने बुडणारी, कुणाला नको असलेली जमीन लागवडीला आणावी म्हणून कंपनीने ती नाममात्र भाड्याने शेतकऱ्यांना कसायला दिली. ती फोरास जमीन. जिथे पिकाचा ठरलेला वाटा द्यायचा ती ‘टोका’ जमीन. हॉर्नबी गव्हर्नर असताना महालक्ष्मी-वरळीच्या खिंडारावर बांध पडला, १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. समुद्र बाहेर राहिला आणि मधली दरी हळूहळू कोरडी होत गेली. बांधाला नाव हॉर्नबीचं लागलं. त्याच्या आत शेताशेताचे लहान बांध घालणाऱ्यांचं नाव कशालाच लागलं नाही.

जमीन सुकली तशी तिची किंमत वाढली. मग कंपनी म्हणू लागली, ही जमीन मुळात आमची, तुम्ही फक्त वहिवाट केली. कसणारे म्हणत, खारी दलदल आम्ही जमीन केली. शेवटी १८५१ साली फोरास कायदा झाला आणि ज्यांच्या ताब्यात जमीन होती त्यांचा हक्क ठरलेल्या भाड्यावर मान्य झाला. माझ्या मते मुंबईच्या इतिहासातला हा फार मोठा प्रसंग आहे, आणि तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मात्र तोवर किती तरी ठिकाणी कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, असं होऊन बसलं होतं. त्याचा फायदा कुणाला झाला असेल, हे कोकणातल्या खोतीबद्दल ऐकलेल्या वाचकांना सांगायला नको.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १८५४ साली ताडदेवला पहिल्या गिरणीची तयारी सुरू झाली, आणि परळ-लालबागच्या शेतांत भोंगे आले. कामाठीपुऱ्यात तेलंगणातून कामाठी मजूर, मदनपुऱ्यात उत्तरेकडून मोमीन विणकर. प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याची उरलीसुरली भाताची खाचरं आखणी करून प्लॉट झाली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यावरच्या. दादरमध्ये भात कापणारे शेवटचे लोक नंतर काय करत असतील? काही गिरणीत गेले असतील, काही गोदीत. आगरी मीठ आणि भात धरून पनवेल-उरणकडे अजून तग धरून आहेत, तिथेही आता सिडको आणि विमानतळ.

फोरास रोडचं सरकारी नाव बदलून बरीच वर्षं झाली. बोलण्यात जुनंच राहिलं. मुंबईच्या जमिनीच्या कागदांत ‘फोरास’, ‘टोका’, ‘फजंदारी’ हे शब्द आजही येतात. आमच्या ओळखीच्या एका चाळीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा एका खालाने मला कागद दाखवून विचारलं, “सर, ये फोरास क्या होता है? बिल्डर बोलता है कुछ नहीं.” मी सांगितलं, “खाला, याचा अर्थ ही जमीन कुणीतरी समुद्रातून काढून त्यावर भात लावला होता. आणि कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.” त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वकिलाची फी किती ते विचारलं.