पाचूच्या नांवाची तांबडी मुंगी

पुण्याहून सोलापूरच्या वाटेनें यवतास यावें, तों पाऊस वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास येऊन ठेपतो. माळावरच्या बाभळीची पानें चिमुकलीं. उंबील मुंगीनें घर शिवावें तें कशाचें? तेंच घाट उतरून कोंकणांत गेलें, कीं आंब्याफणसांवर तिचीं हिरवीं घरटीं दिसूं लागतात. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा पसारा आहे. फाब्रिसियस या पंडितानें 1775 मध्यें तिला पाचूवरून नांव दिलें. आपल्याकडील उंबील मात्र चांगली तांबूस!

मुंबई इलाख्यांतील वनाधिकारी रॉटन यांनीं 1892 सालीं मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकांत येथील मुंग्यांविषयीं लिहिलें, व नमुने स्वित्झर्लंडांत फोरेल यांजकडे धाडले. बिंगहॅम यांचा ग्रंथ 1903 मध्यें निघाला.

उंबिलीस पानें हवींत तीं झाडावरचीं, जिवंत व लवचिक. राई तुटली, कीं तिचें घरही गेलें. कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून सांखळी करतात आणि पानांच्या कडा जवळ ओढतात. दुसऱ्या मुंग्या तोंडांत अळी धरून तिच्या रेशमानें त्या कडा सांधतात. इतर कित्येक जातींची अळी या रेशमाचा स्वतःभोंवतीं कोश विणते. उंबिलीची अळी तें सारें घरट्यासच देते, आणि आपण कोशावांचून उघडीच राहते.