माळ्यावरची कॅसेट आणि चाळीतला कांदा

मंडळी, आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलंच, की इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कुठून आला? रास्त प्रश्न आहे. पण आपल्या नामपुरात आणि एकूणच मोसम खोऱ्यात काय चाललंय बघा. जुनी धाब्याची घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहताहेत. घर पाडायचं म्हणजे आधी माळा रिकामा करायचा. त्यातून पितळेची भांडी निघतात, आजोबांच्या वह्या निघतात आणि हल्ली एक खोकंही निघतं. त्यात टीव्ही गेम, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि वीस-पंचवीस कॅसेटी. ज्याचं ते खोकं, तो नोकरीला पुण्याला किंवा नाशिकला. तो फोनवर सांगतो, "फेकू नका हं." पण ठेवायचं कुठे ते सांगत नाही, कारण त्याच्या दोन खोल्यांत त्याचीच जागा जेमतेम. आणि भंगारवाला तर दारात उभा असतो.

आता हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? मुळीच नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते याच प्रश्नापायी. घराघरांच्या माळ्यांवर मराठ्यांच्या इतिहासाचे कागद पडलेले होते आणि घरच्यांना ती रद्दी वाटत होती. अशाच जुन्या दप्तरांतून 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. 1926च्या डिसेंबरात धुळ्याला राजवाडे गेले, आणि त्यांच्या संग्रहाचं करायचं काय, हा प्रश्न धुळेकरांपुढे उभा राहिला. त्यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. धुळं म्हणजे आपल्याला मालेगाव ओलांडलं की आलंच. कागद मोलाचा आहे हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. जागेचा शोध त्यानंतर सुरू होतो. कॅसेटींच्या बाबतीत आपण अजून त्या पहिल्या पायरीवरच आहोत.

या कॅसेटींचा इतिहास थोडा सांगतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं 1983च्या जुलैत 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडे घरोघरी पोचलं ते बहुतेक त्याचं मूळ रूप नव्हे, त्याच्या नकला. सामुराई, मीडिया ही नावं जुन्या मंडळींना आठवतील. पुढे तर नावही न वाचता घेतलेले कितीतरी 'टीव्ही गेम' आले. इंग्रजीत त्या डबीला वेगळा शब्द आहे, पण आपण तिला कॅसेटच म्हटलं, कारण ती गाण्याच्या कॅसेटसारखी खाचेत घालायची. वर छापलेलं असायचं '999999 इन 1', आणि आत खरे गेम दहा-पंधराच. तेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी. (हशा) मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांची बॅटल सिटी, बदकांची डक हंट. कॅसेट विकत क्वचितच घेतली जायची. जास्त करून अदलाबदल. त्यामुळे एका खोक्यातल्या कॅसेटी म्हणजे एका गल्लीतल्या मैत्रीची नोंदवहीच असते. कुठल्यातरी कॅसेटवर बॉलपेननं दुसऱ्याच मुलाचं नाव असतं, आणि तो आता कुठे असतो ते कुणालाच ठाऊक नसतं. लाइट गेली की जिंकत आलेला खेळ पहिल्यापासून सुरू करायचा, हेही त्याच इतिहासात आलं.

म्हणून आम्हाला वाटतं, ही वस्तू जपण्याजोगी आहे. ती अस्सल निन्टेंडोची नसेल, नक्कल असेल. पण नव्वदच्या दशकातलं आपलं बालपण त्या नकलेवरच गेलं. एखाद्या परदेशी संग्रहालयात अस्सल फॅमिकॉम मिळेल. '999999 इन 1' लिहिलेली, मागे शाईनं नाव असलेली कॅसेट तिथे मिळायची नाही.

आता जागेकडे वळू. आपल्या नाशिक जिल्ह्याला जपणुकीचा एक फार मोठा धडा मिळालेला आहे, तो दादासाहेब फाळक्यांच्या घरचा. 'राजा हरिश्चंद्र' 1913चा. सिनेमाची रिळं बैलगाडीतून गावोगाव फिरायची, आणि त्या उन्हाच्या तापानं मूळ प्रत गेली, म्हणून फाळक्यांनी तो 1917च्या सुमाराला पुन्हा चित्रित केला, असं सांगतात. पुढे पी. के. नायर हे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी देशभर रिळं शोधत फिरले, तेव्हा नाशिकला फाळके कुटुंबाकडेही पोचले. आज त्या सिनेमाचं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं हाती आहे. मधला भाग गेला. म्हणजे घरच्यांनी ठेवलं म्हणून थोडं तरी उरलं, आणि घरात ठेवलं म्हणून सगळं उरलं असंही नाही.

बरं, मग संस्थेकडे द्यावं का? पुण्यातला केळकर संग्रहालयाचा दाखला नेहमी दिला जातो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंना आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं आणि पुढे ते सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. थोर काम. पण त्याच पुण्यात 8 जानेवारी 2003 रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि जुन्या सिनेमांची हजारो रिळं जळाली. संस्था आहे म्हणून वस्तू सुखरूप, असं आपण धरून चालतो ते फारसं खरं नाही. शिवाय नकली कॅसेट म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं चोरीचा माल. कुठलंही संग्रहालय ती घेताना दहा वेळा विचार करील. तेव्हा निदान आज तरी ही जबाबदारी घराचीच आहे.

आणि घराला जपणूक येत नाही असं कोण म्हणेल? निदान नामपुरात तरी म्हणू नये. उन्हाळ कांदा आपण चैत्र-वैशाखात काढतो आणि भाव बघत पावसाळ्यानंतरपर्यंत ठेवतो. चाळ जमिनीपासून उंच घेतो, खालून-बाजूंनी वारा खेळता ठेवतो, थर फार जाड रचत नाही, आणि सडलेला कांदा दिसला की आधी तो उचलतो. यातली निम्मी अक्कल कॅसेटींना जशीच्या तशी लागू पडते. सडका कांदा म्हणजे रिमोटमध्ये विसरलेले सेल. सेल पाझरले की ते हिरवट-पांढरं पाणी तांब्याच्या पट्ट्या खातं. म्हणून खोकं बंद करण्याआधी सेल काढायचे, पहिलं काम ते. काही अस्सल कॅसेटींच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते. पोकेमॉनच्या जुन्या कॅसेटींत आहे. ती मेली की साठवलेला खेळ पुसला जातो. ती बदलायला कसबी हात हवा, आणि बॅटरी काढल्याबरोबर आधीचा खेळ जातोच, हे ध्यानात ठेवून.

फरक एवढाच, की कांद्याला वारा हवा, कॅसेटीला धूळ नको. तिला हवी सावली, कोरडेपणा आणि रोज चढ-उतार न होणारं तापमान. म्हणून जुना माळा आणि नवा माळा यांत फरक करा. धाब्याच्या घरात वर मातीचा जाड थर, त्यामुळे दुपारीही माळा सोसवेल इतका असायचा. स्लॅबखालचा पोटमाळा किंवा पत्र्याची खोली वैशाखात भट्टी होते. उन्हानं आणि उष्णतेनं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, चिकटवलेली चित्रं सुटतात, सीडी वाकतात. पापड-कुरडयांबरोबर कॅसेटी गच्चीवर वाळत घालायचा मोह काही घरांत होतो, तो टाळा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. नदीजवळ घर असेल तर सगळ्यात खालचा कप्पा सोडून द्या. आतल्या भिंतीचं लोखंडी कपाट, कमरेएवढ्या उंचीचा कप्पा, झाकणाचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, इतकं पुरतं. डांबरगोळ्या मात्र प्लास्टिकजवळ नकोत. आणि फुंकर! आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारलेली आहे. तोंडातली वाफ त्या पट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. खुद्द निन्टेंडोनंही तसं करू नका असं सांगून ठेवलं होतं.

बंदुकीची गोष्ट वेगळी. डक हंटची बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते, आजच्या सपाट पडद्यावर नाही. म्हणजे संग्रह पुरा ठेवायचा तर तो धूड टीव्हीही ठेवायला हवा. आम्ही काही प्रत्येक घराला असं सांगणार नाही. गावात एकानं ठेवला तरी पुष्कळ.

राहता राहिला प्रश्न, कुणाच्या घरी? जॉर्डन मेकनर यांनी 1989 साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम केला. त्याचा मूळ प्रोग्राम कैक वर्षं सापडत नव्हता. 2012 साली त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटाच्या तळाशी फ्लॉप्यांचं खोकं मिळालं, आणि जाणकारांनी त्यातून तो वाचवला. करणाऱ्याकडे नव्हता, वडिलांकडे होता. आम्हाला हे आपल्याकडेही पटतं. शहरात भाड्याची घरं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, आणि प्रत्येक बदलीत काहीतरी टाकलं जातं. कॅसेटी गावीच राहू द्या, आईवडिलांच्या कपाटात. मात्र मुलानं एकदा दिवाळीला येऊन त्यांची यादी करावी: कुठली कॅसेट, कुणाकडून आली, चालते का. प्रत्येकीचा फोटो काढावा. ती यादी एक डब्यात, एक स्वतःजवळ. ज्यांना जमेल त्यांनी आतला गेम संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवावा, कारण चिप कधी ना कधी जाणारच.

आणि डब्यावर आतलं काय ते ठळक मराठीत लिहा. 'जुन्या वायरी' असं लिहिलेले डबेच घर पाडताना आधी बाहेर जातात.