माहुलची खाडी, प्लॅस्टिक आणि लोकसहभाग : मुंबई बेटसमूहातील किनारा-स्वच्छतेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबई हे मूळचे बेटांचे शहर. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांची कथा सर्वपरिचित आहे. परंतु या बेटांच्या पूर्वेस तुर्भे अर्थात ट्रॉम्बे हेही एके काळी स्वतंत्र बेट होते, याचे स्मरण क्वचितच केले जाते. माहुल हे याच बेटावरील कोळ्यांचे जुने गाव होय. भराव, बांध आणि रस्ते यांमुळे तुर्भ्याचे बेटपण नकाशावरून नाहीसे झाले. भरती-ओहोटीच्या हिशेबात मात्र ते अद्याप टिकून आहे. शहराच्या नाल्यांतून वाहून येणारी वस्तू ओहोटीबरोबर खाडीत जाते आणि भरतीबरोबर माहुलच्या दारात परत येते.

माहुलचा उल्लेख अलीकडे प्रामुख्याने हवेच्या प्रदूषणासंदर्भात आणि तेथे वसविलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या प्रश्नासंदर्भात होतो. त्या चर्चेत खाडीतील प्लॅस्टिकचा प्रश्न बाजूला पडला आहे. दुसरीकडे, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्वच्छता मोहिमांची जगभर दखल घेतली गेली. एकाच बेटसमूहाच्या दोन किनाऱ्यांना असे वेगळे भाग्य का लाभले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१) मुंबईचा कचरा आणि पूर्व किनारा यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) प्लॅस्टिकविरोधी कायदे आणि लोकसहभागातील प्रयत्न यांचे टप्पे मांडणे.
३) या प्रयत्नांच्या यशापयशाच्या आधारे माहुलसाठी उपयुक्त दिशा सुचविणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

बेटाची कड आणि शहराचा कचरा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि शहरातील घाणीचा प्रश्न ऐरणीवर आला. कचरा वस्तीपासून दूर नेण्यासाठी नगरपालिकेने चेंबूर-देवनार भागातील विस्तीर्ण दलदलीची जमीन निवडली आणि १८९९ पासून शहराचा कचरा रेल्वेने तेथे जाऊ लागला. कुर्ला-चेंबूर मार्गावर १९२४ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. त्याआधी हा मार्ग कचरागाड्यांचा होता. देवनारचा कचराडेपो हा देशातील सर्वांत जुन्या डेपोंपैकी एक मानला जातो. जानेवारी २०१६ मधील तेथील आगीच्या धुराने संपूर्ण शहराला त्याच्या अस्तित्वाची आठवण करून दिली.

स्वातंत्र्योत्तर काळात याच परिसरात अवजड उद्योग आले. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला; हे कारखाने पुढे अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्यांकडे आले. १९५६ मध्ये तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, तर साठच्या दशकात खत कारखाना उभा राहिला. राष्ट्रउभारणीच्या दृष्टीने हे सर्व प्रकल्प महत्त्वाचे होते, यात शंका नाही. तथापि शहराला जवळ नको असलेली गोष्ट बेटाच्या पूर्व कडेला न्यायची, ही प्लेगच्या काळात रुजलेली रीत त्यातून दृढ होत गेली. माहुलच्या खाडीतील प्लॅस्टिक हा या दीर्घ परंपरेचा सर्वांत अलीकडचा थर आहे.

कायद्यांचे टप्पे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुराची कारणे अनेक होती. त्यांत पाण्याचा मार्ग अडविणाऱ्या प्लॅस्टिक पिशव्यांकडे जनतेचे आणि शासनाचे लक्ष वेधले गेले. २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले आणि अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्यान्वये २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंडात्मक कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व कारावास अशी तरतूद होती. मात्र अल्पावधीतच किराणा दुकानांतील वेष्टनांना सवलत देण्यात आली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी घातली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशव्यांची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. कायद्याची व्याप्ती अशी क्रमाने वाढली. पण कायदा प्रामुख्याने पिशवीभोवती फिरत राहिला. गुटख्याची पुडी, शाम्पूची पुडी, वेफर्सचे पाकीट अशी भंगारात किंमत नसलेली बहुस्तरीय वेष्टने नाल्यात जातच राहिली.

लोकसहभागाचे प्रयत्न

मुंबईतील संघटित प्रयत्नांचा आरंभ किनाऱ्यावर झाला नाही. तो उपनगरांतील गल्ल्यांत झाला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी ओला व सुका कचरा वेगळा करण्याचा उपक्रम हाती घेतला. महापालिकेच्या 'प्रगत परिसर व्यवस्थापन' योजनेचे ते आरंभीचे उदाहरण ठरले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने 'परिसर विकास' कार्यक्रम सुरू केला आणि कचरावेचक स्त्रियांना संघटित करून त्यांना प्रशिक्षण व ओळख मिळवून दिली. या स्त्रियांनी वेचलेली प्रत्येक पिशवी ही खाडीत न गेलेली पिशवी होती. किनारा-स्वच्छतेच्या इतिहासात या दोन प्रयत्नांची नोंद सहसा होत नाही. वस्तुतः त्यांना त्यात अग्रस्थान मिळावयास हवे.

दुसरा टप्पा किनाऱ्यावरील मोहिमांचा. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय किनारा-स्वच्छता दिनाचे वैशिष्ट्य म्हणजे गोळा केलेल्या वस्तूंची प्रकारवार मोजणी होय. भारतात हा दिन दरवर्षी सप्टेंबर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी तटरक्षक दलाच्या पुढाकाराने पाळला जातो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक त्यात मोठ्या संख्येने सहभागी होतात.

ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोझ शाह यांनी आपले वयोवृद्ध शेजारी हरबंश माथुर यांच्यासह वर्सोवा किनाऱ्यावर साफसफाई सुरू केली. दर आठवड्याच्या या श्रमदानाला कोळीबांधव, विद्यार्थी आणि नागरिक यांची जोड मिळाली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. २०१७ पासून दादर किनाऱ्यावर मल्हार कळंबे या तरुणाच्या पुढाकाराने महाविद्यालयीन युवकांची अशीच मोहीम उभी राहिली.

या यशोगाथेतील एक घटना विशेष अभ्यसनीय आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोळा केलेला कचरा उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जातो, अशी तक्रार करून शाह यांनी मोहीम थांबविल्याचे जाहीर केले. शासनाच्या आश्वासनानंतर ती पुन्हा सुरू झाली. शेकडो हातांनी वेचलेले प्लॅस्टिक वाहून नेणारी गाडी आली नाही, तर पुढची भरती ते परत नेते, हे यातून स्पष्ट झाले. पुढे शाह यांनी आपले लक्ष मिठी नदीकडे आणि तिच्या काठच्या वस्त्यांकडेही वळविले. किनाऱ्यावरून उगमाकडे झालेला हा प्रवास लोकसहभागाच्या परिपक्वतेचे लक्षण मानता येईल.

वाळू आणि चिखल

वर्सोव्याची पद्धत माहुलला जशीच्या तशी लागू पडत नाही. याचे पहिले कारण भौगोलिक आहे. वर्सोवा व दादर येथे वाळू आहे. तेथे माणूस उभा राहू शकतो, यंत्र चालू शकते आणि स्वच्छ झालेला पट्टा डोळ्यांना दिसतो. शिवडी-माहुलचा किनारा चिखलाचा आहे. तेथे ओहोटीच्या वेळी पाय रुततात. भरतीच्या वेळी होडीशिवाय गत्यंतर नसते. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात. त्यांना वेढून बसलेले प्लॅस्टिक ओढून काढताना मुळांनाच इजा होण्याचा धोका असतो. हीच दलदल हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्ष्यांचे खाद्यक्षेत्र असते, त्यामुळे मोठ्या जमावाची मोहीम तेथे उपकारक ठरेलच असे नाही.

दुसरे कारण सामाजिक आहे. माहुलची स्वच्छता सुट्टीच्या दिवशी होत नाही. ती रोजच्या श्रमात मिसळलेली आहे. खाडीत प्रवाहाच्या तोंडाशी लावलेले डोल जाळे पाण्याबरोबर येणारे सारे काही अडविते. जवळा, कोळंबी आणि बोय यांच्याबरोबर पिशव्या, बाटल्या आणि वेष्टनेही त्यात भरतात. जाळे जड होते, फाटते, आणि म्हावरे निवडण्याआधी प्लॅस्टिक निवडावे लागते. हे काम विनामोबदला, विनाप्रसिद्धी आणि विनानोंद होते. मोहिमेतील प्रत्येक टनाची बातमी होते. जाळ्यातील प्लॅस्टिक कोणत्याच अहवालात येत नाही. जे मोजले जात नाही ते वाहून नेण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही, आणि पर्यायाने वेगळे काढलेले प्लॅस्टिक टाकायचे कोठे, हा प्रश्न कोळ्यापुढेच उरतो.

तिसरे कारण नाल्यांचे. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालानंतर आखलेल्या आठ उदंचन केंद्रांच्या योजनेत माहुलचा समावेश आहे. कुर्ला, चेंबूर, शीव, वडाळा या परिसरातील पावसाचे पाणी माहुलच्या दिशेने येते, हेच त्यामागील गृहीतक. पाणी ज्या वाटेने येते त्याच वाटेने प्लॅस्टिक येते. म्हणून माहुलच्या चिखलातील पुडी बहुतेक वेळा माहुलकराने टाकलेली नसते.

अन्यत्रचे अनुभव

इंडोनेशियातील बाली बेटावर २०१३ मध्ये मेलाती आणि इसाबेल विजसेन या अनुक्रमे बारा व दहा वर्षांच्या बहिणींनी प्लॅस्टिक पिशव्यांविरुद्ध चळवळ सुरू केली. २०१९ मध्ये त्या बेटावर पिशव्या, स्ट्रॉ आणि पॉलिस्टायरीन यांवरील बंदी अमलात आली. युवकांनी धोरण बदलविले, हे या चळवळीचे खरे फलित. तरीही पावसाळ्यात बालीच्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिक येतच राहते, कारण समुद्राला प्रांताची सीमा ठाऊक नसते.

माहुलच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण केरळचे आहे. २०१७ मध्ये कोल्लम जिल्ह्यातील नींदकरा बंदरात 'शुचित्व सागरम्' हा उपक्रम सुरू झाला. जाळ्यात येणारे प्लॅस्टिक समुद्रात परत न टाकता मच्छीमारांनी बंदरावर आणावे, तेथे स्त्रियांनी ते निवडावे आणि त्याचा चुरा रस्तेबांधणीसाठी द्यावा, अशी ही रचना होती. मच्छीमारांच्या नित्य श्रमाला तेथे यंत्रणेची जोड मिळाली.

निष्कर्ष

१) माहुलच्या खाडीतील प्लॅस्टिकचे मूळ शहराच्या कडेला कचरा नेण्याच्या शतकाहून जुन्या रीतीत आहे, ते स्थानिकांच्या सवयींत शोधणे अन्यायकारक ठरेल.

२) लोकसहभाग, कचऱ्याची वाहतूक आणि उगमस्थानी नियंत्रण या तीन बाबी एकत्र आल्या तरच किनारा स्वच्छ राहतो. यांपैकी एक जरी तुटली तरी श्रमदान ही पुनरावृत्ती ठरते.

३) चिखलाच्या किनाऱ्यावर जमावाच्या मोहिमेपेक्षा मच्छीमाराच्या जाळ्याला आधार देणारी व्यवस्था अधिक उपयुक्त ठरेल. बंदरावर प्लॅस्टिक जमा करण्याची जागा, ठरलेल्या दिवशी येणारी पालिकेची गाडी आणि आणलेल्या मालाचा मोबदला ही तिची किमान अंगे होत.

४) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी वर्षातून एक दिवस झाडू हाती घेण्याऐवजी कोळीवाड्याच्या संमतीने वर्षभर ठरावीक भरत्यांना जाळ्यात आलेल्या वस्तूंची प्रकारवार नोंद ठेवावी. इतिहास विभागांनी त्यास ज्येष्ठ कोळी स्त्री-पुरुषांच्या मौखिक आठवणींची जोड द्यावी. खाडीत पूर्वी काय मिळत होते आणि प्लॅस्टिक केव्हापासून येऊ लागले, हे सांगणारी पिढी अद्याप हयात आहे. तिच्या पश्चात हा इतिहास कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.