कॅमशाफ्टची शेपटी

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात कॅमशाफ्ट बहुधा एकटाच येतो. त्याचं इंजिन कधीच भंगारात गेलेलं असतं. विकणारा सांगतो, "मिनीचा आहे." पण मिनी 1959 पासून 2000 पर्यंत बनत होती आणि तेवढ्या काळात तिच्यात 848 सीसीपासून 1275 सीसीपर्यंतची इंजिनं बसली. शिवाय हीच इंजिनं मॉरिस मायनरमध्ये होती आणि ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्येही. तेव्हा "मिनीचा" म्हणजे नेमका कोणाचा?

नवखा माणूस आधी शाफ्टवर ओतलेला आकडा शोधतो. तो सापडतोही, पण तो असतो ओतकामाचा. एकाच साच्यातून निघालेले कच्चे शाफ्ट पुढे वेगवेगळ्या मापांत घासले जातात, त्यामुळे तेवढ्या आकड्यावरून शाफ्ट मवाळ होता की शर्यतीचा हे कळत नाही. जाणकार मिस्त्री लोबकडेही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांकडेही, नंतर बघतो. तो शाफ्ट फिरवून आधी त्याचं मागचं टोक, म्हणजे शेपटी, तपासतो. या घराण्याचा बराचसा इतिहास तिथे आहे.

घराणं म्हणजे ऑस्टिनची ए मालिका. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यात ते इंजिन तयार झालं आणि 1951 साली ए30 या चिमुकल्या गाडीतून 803 सीसीचं होऊन रस्त्यावर आलं. पुढच्याच वर्षी ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. कालपर्यंतचे प्रतिस्पर्धी एका छपराखाली आले आणि मॉरिस मायनरचं जुनं साइड व्हॉल्व्हचं इंजिन जाऊन तिथे ऑस्टिनचं इंजिन बसलं. 1956 साली ते 948 सीसीचं झालं. मिनीसाठी ते आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला. एवढ्या उलथापालथीत मूळ मांडणी मात्र हलली नाही. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच राहिला, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत टॅपेट आणि पुशरॉड उचलत राहिला.

पण या शाफ्टच्या गळ्यात आणखी कामं आहेत. अंगावरच्या तिरप्या दात्यांनी तो डिस्ट्रिब्यूटर फिरवतो. काही गाड्यांमध्ये एका जादा उत्केंद्री लोबने पेट्रोलचा पंप हलवतो. ए30 ला असा यांत्रिक पंप होता, तर मॉरिस मायनरला एसयू कंपनीचा विजेचा. म्हणून तो जादा लोब आहे की नाही, हीसुद्धा एक खूण. शेवटचं काम सगळ्यात जोखमीचं. मागच्या टोकाने तो ऑइल पंप फिरवतो.

सुरुवातीच्या लहान बोअरच्या इंजिनांत या टोकात एक आडवी पिन आहे आणि पंपाच्या दांडीला तिच्यासाठी खाच. अठ्ठावीस घोड्यांच्या ए30 ला एवढं पुरेसं होतं. मग जॉन कूपर या रेसिंगवाल्याच्या आग्रहाने मिनी कूपर आली आणि 1963 साली 1071 सीसीची कूपर एस. तिचा ब्लॉकच वेगळा होता. बोअर वाढवून 70.6 मिलिमीटर केला होता आणि त्यासाठी सिलिंडरांच्या जागा सरकवाव्या लागल्या होत्या. ताकद सत्तर घोड्यांवर गेली. 1964 च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कने याच इंजिनावर बाजी मारली. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनात तेलाचा भार एका पिनेवर सोडणं कोणाला पटलं नसणार. एसच्या शाफ्टला आणि पुढच्या 1275 च्या शाफ्टला चांदणीच्या आकाराचा जोड आला. शाफ्ट आणि पंप यांच्या मध्ये एक छोटा सुटा तुकडा असतो. इंग्रज मिस्त्री त्याला कोळी म्हणतात. इंजिन बांधताना हा कोळी टेबलावरच राहिला, तर इंजिन झकास सुरू होतं आणि तेलाचा दाब शून्य. मिनीत पंप गाठायचा म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं, त्यामुळे हा विसर फार महाग पडतो.

तिसरी शेपटी पिनेच्या उलट. खाच शाफ्टला आणि जीभ पंपाला. 1980 साली ऑस्टिन मेट्रो आली, तिच्या सुधारलेल्या ए प्लस इंजिनांत 998 काय आणि 1275 काय, दोन्हींना हीच रचना मिळाली. पिन, चांदणी, खाच. नुसत्या टोकावरून शाफ्टचं वय आणि गोत्र अंदाजे ठरतं. बसवताना शाफ्ट आणि पंप एकाच पद्धतीचे हवेत, तिथे तडजोड चालत नाही.

आपल्याकडच्या मिस्त्रींना हा घोळ फारसा माहीत नाही, त्याचं कारण ए मालिकेची मोठी बहीण. 1489 सीसीची बी मालिका 1959 पासून अँबॅसेडरमध्ये होती. मंत्रालयासमोरच्या पांढऱ्या गाड्यांच्या रांगा याच इंजिनावर धावल्या. तिच्यात ऑइल पंप कॅमशाफ्टच्या टोकावर नाही. शाफ्टच्या दात्यांवरून एक वेगळी दांडी खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाते आणि पंप फिरवते. शेपटी बघायची वेळच येत नाही.

शेपटीनंतर लोब. शाफ्ट दोन व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावायचा आणि हाताने फिरवत उचल मोजायची. अंशांची तबकडी जोडली की व्हॉल्व्ह कधी उघडतो आणि कधी मिटतो तेही निघतं. ब्रिटिश गॅरेजांत काही शाफ्ट आकड्यांनीच ओळखले जातात: कूपर एसचा 510, रॅलीवाल्यांचा 731, शर्यतीचा 649. एबिंग्डनच्या स्पेशल ट्यूनिंग विभागाने असा माल गिऱ्हाइकांना थेट विकला. त्यामुळे साध्या मायनरमधून शर्यतीचा शाफ्ट निघाला तरी दचकायचं कारण नाही.

फसवतो तो पुन्हा घासलेला शाफ्ट. झिजलेला लोब नव्या आकारात आणायचा तर त्याच्या पाठीमागचा गोल भागही कमी करावा लागतो. उचल कागदाशी जुळते, पण लोबची एकूण उंची कमी भरते आणि मोजणारा गोंधळतो. म्हणून गोल भागाचा व्यास आधी मायक्रोमीटरने घ्यायचा, उचल मागाहून. आणि शाफ्ट अजून इंजिनातच असेल, तर ओढायच्या आधी डिस्ट्रिब्यूटरची आतली दांडी काढायची. तिच्या माथ्यावर आटे असतात. त्यात 5/16 इंची बोल्ट फिरवून ती वर ओढली की दाते सुटतात. नंतरच्या 1275 च्या ब्लॉकला बाजूची टॅपेटची झाकणं नाहीत. तिथे इंजिन उलटं करूनच शाफ्ट काढायचा, नाहीतर टॅपेट खाली घसरून त्यात अडकतात.