राखणदार ते हल्लेखोर : 'श्लास्टा'ची वाटचाल

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की भाव खाऊन जातात ते रिश्टहोफेनसारखे वैमानिक. पण खंदकातल्या शिपायाला खरी धास्ती होती ती डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या दोन आसनी विमानांची. जर्मन सैन्यात ही विमाने चालवणारे बहुतेक जण सार्जंट-कॉर्पोरल दर्जाचे होते. त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत.

या दलाचा जन्म हल्ल्यासाठी झालाच नव्हता. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जर्मन विमानदळाला चांगलाच मार बसला. ऑक्टोबरात जनरल अर्न्स्ट फॉन होप्नर यांच्या हाती सूत्रे आली आणि सगळ्याच दळाची फेरमांडणी झाली. तीत मोकळ्या झालेल्या काही तुकड्यांवर टेहळणी विमानांची राखण करण्याचे काम सोपवले गेले. एका तुकडीत सहा विमाने. काम दुय्यम आणि मानही बेताचाच.

एप्रिल १९१७ मध्ये अरासच्या लढाईत हे राखणदार खाली उतरून ब्रिटिश खंदकांवर गोळ्या झाडू लागले. त्याच उन्हाळ्यात त्यांना मनाजोगते विमान मिळाले, हाल्बरश्टाट सीएल-२. हलके, चपळ, १६० अश्वशक्तीचे. वैमानिक आणि मागचा मशीनगनवाला एकाच सलग खोबणीत इतके जवळ बसत, की खांद्याला हात लावून इशारा देता येई. बाहेरच्या बाजूला हातबॉम्ब ठेवायची तबके होती. मशीनगनवाला त्यातले बॉम्ब उचलून चक्क हाताने खाली फेकी. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण शंभर मीटरांहून कमी उंचीवर नेम धरायला दुसऱ्या यंत्राची गरजही नव्हती.

कसोटी लागली कांब्रेला. २० नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिशांनी रणगाड्यांसह धडक मारली, तेव्हा त्यांचीही विमाने खाली उतरली. पण ती होती एक आसनी लढाऊ विमाने आणि हे काम त्यांच्या गळ्यात पडलेले जादा काम. या कामावरच्या तुकड्यांचे नुकसान दिवसाला सरासरी तीस टक्क्यांवर गेले. ३० नोव्हेंबरला जर्मनांनी प्रतिहल्ला केला, त्यात राखणदार तुकड्या पायदळाच्या वेळापत्रकाशी जुळवून, घोळक्याने आल्या. माघारीची कारणे शोधणाऱ्या ब्रिटिश चौकशीत या विमानांनी सैनिकांच्या मनावर केलेल्या परिणामाची खास नोंद झाली. धाडसात ब्रिटिश वैमानिक तसूभरही कमी नव्हते. फरक होता तो तयारीचा. जर्मनांनी या कामासाठी वेगळे दल, वेगळे विमान आणि वेगळी शिस्त उभी केली होती.

मार्च १९१८ मध्ये नावही बदलले : श्लाख्टश्टाफेल, म्हणजे लढाऊ तुकडी, थोडक्यात 'श्लास्टा'. त्या वसंतातल्या मोठ्या चढाईत अनेक तुकड्या एकत्र करून नेमक्या जागी वापरल्या गेल्या. एकूण तुकड्या ३८ झाल्या. हाच त्यांचा परमोच्च काळ.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी चिलखतातले युंकर्स जे-१ पाहून पुष्कळांना वाटते, की श्लास्टा त्यातूनच लढल्या. अशी २२७ विमाने बनली खरी, पण ती मुख्यतः पायदळाशी संपर्क ठेवणाऱ्या तुकड्यांकडे होती. श्लास्टांच्या वाट्याला लाकूड आणि कापडच आले.

ऑगस्टपासून जर्मन सैन्य मागे हटू लागले आणि श्लास्टांचे बळ जागोजागची भगदाडे बुजवण्यात विखुरले. ज्या एकत्रित माऱ्यावर त्यांचा दरारा होता, तोच संपला. ब्रिटिशांनीही धडा घेऊन सॉपविथ सॅलमँडर हे चिलखती विमान बनवले, पण ते लढाईत उतरण्याआधीच नोव्हेंबरात युद्धबंदी झाली.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमाने ठेवायलाच बंदी घातली आणि जेमतेम दोन-अडीच वर्षांचे हे दल कायमचे मोडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जमिनीवर मारा करणाऱ्या आपल्या विमानदळांना पुन्हा 'श्लाख्ट' हेच नाव दिले.