विषाणूज्वरोत्तर दीर्घ आजार : संशोधन व शासकीय साहाय्य

विषाणुसंसर्गाचा ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने राहणारी सांधेदुखी, थकवा, धाप वा विस्मरण. महाराष्ट्रात याचे परिचित रूप म्हणजे चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी. तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास ती जुनाट मानतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुण्यात स्थापलेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. बार्शीच्या १९७३ च्या चिकुनगुनियाच्या साथीचा अभ्यास तिनेच केला. पुढे तीसेक वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेलेला चिकुनगुनिया २००५ च्या अखेरीस परतला; २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. विषाणूचा प्रकार बदलून आफ्रिकी झाल्याचे संस्थेने लवकर दाखवले. सरकारी प्रयोगशाळांना लागणारे निदानसंचही तीच पुरवते. रुग्णाचा पाठपुरावा मात्र इतक्या तत्परतेने झाला नाही. महाराष्ट्रातील एका खेड्यातले रुग्ण दोन वर्षे तपासत राहिले ते पुण्याच्या संधिवात केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकारी. ते केंद्र सरकारी नव्हे. बहुतेकांचे दुखणे ओसरले, थोड्यांचे चिवटपणे राहिले.

कोविडनंतर चित्र थोडे पालटले. आयसीएमआरच्या राष्ट्रीय नोंदवहीतून ३१ रुग्णालयांतील १४,४१९ रुग्णांशी घरी गेल्यानंतर वर्षभर संपर्क ठेवला गेला. त्यांपैकी ६.५ टक्के दगावले, १७.१ टक्क्यांनी कोविडोत्तर तक्रारी सांगितल्या (२०२३). अमेरिकेने याच प्रश्नासाठी २०२० च्या अखेरीस ११५ कोटी डॉलर वेगळे काढले होते. नोंदवही ठेवणे आणि दुखण्याचे कारण शोधणे यांतला फरक त्या आकड्यात दिसतो.

उरण तालुक्याला (जि. रायगड) हा विषय दोन बाजूंनी भिडतो. येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार बंदरातील सुविधांभोवती किमान ४०० मीटरपर्यंत डासांसारख्या रोगवाहकांचे नियंत्रण अपेक्षित असते. त्यासाठी केंद्राची बंदर आरोग्य यंत्रणा आहे. मोरा, करंजा ही कोळीवस्तीची ठिकाणे त्या पट्ट्याबाहेर पडतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नांगरलेल्या होड्या, पिंपे, टायर यांत साचलेले पाणी चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाला पुरते. डासांचा जोर वाढतो तो नेमका नारळी पौर्णिमेनंतर, नव्या हंगामात. मनगटे व बोटे आखडलेल्या खलाशाला जाळे ओढवत नाही, मासळी निवडणाऱ्या बाईला कोयता धरवत नाही. हंगाम बुडाला तर नुकसान वर्षाचे.

चिकुनगुनियाची सरकारी गणना राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमातून होते, आणि ती ताज्या तापाची असते. तोच रुग्ण दिवाळीनंतर सांधे धरून आला, तर बाह्यरुग्ण विभागात त्याची गणती नुसत्या सांधेदुखीत होण्याचीच शक्यता अधिक.