रेव्हरंड टिळक : अभंगाची वाट

कुंभार पिंपळगावच्या परिसरातच समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे. या भागात ओवी-अभंगाची ओळख पुस्तकाआधी कानांना होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे मोठेपण या कानांनीच जोखावे, असे आम्हांस वाटते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना अर्नेस्ट वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी भेटले. त्यांनी दिलेले बायबल टिळकांनी आधी चिकित्सेने व पुढे ओढीने वाचले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, लक्ष्मीबाई काही वर्षांच्या विरहानंतर परतल्या आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. १९०४ मध्ये टिळकांना अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाळकाची दीक्षा मिळाली.

मराठी ख्रिस्ती उपासनेत तेव्हा भाषांतरित गीते आणि परक्या चाली यांचा भरणा होता. कृष्णराव सांगळे यांनी देशी वळणाची पदे आधीच रचली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, भजन, कीर्तन ही त्यांना उसनी साधने वाटली नाहीत. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या भजनांत धर्म बदलला, तरी आर्ततेची भाषा बदलली नाही. मिशनच्या चौकटीत हे मन मावेना, तेव्हा १९१७ मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना त्यांनी मांडली. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य मात्र जेमतेम अकरा अध्यायांवर थांबले. पुढचा मोठा भार लक्ष्मीबाईंनी उचलला आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला.

आमच्या अभ्यासक्रमांनी या कवीची वाटणी केली आहे. 'फुलांमुलांचे कवी' टिळक वर्गात येतात. भजनकार टिळक चर्चमध्ये राहतात. 'वनवासी फूल' शिकवताना त्यांच्या भजनांचा उल्लेखही होत नाही. वस्तुतः कोवळ्या जीवाविषयीची करुणा आणि ईश्वरापुढची शरणता ही एकाच मनाची दोन रूपे आहेत. भजने वगळली की पहिलीचा उगम हरवतो, आणि मराठी भक्तिकाव्याचा विसाव्या शतकातील एक प्रवाह इतिहासातून गळतो. ज्ञानदेव ते तुकाराम ही परंपरा शिकवणाऱ्यांनी निदान एक तास पुढे जाऊन टिळकांचे अभंग वाचावेत. परंपरा संपली कुठे आणि वळली कुठे, हे त्या एका तासात विद्यार्थ्यांना उमगू शकेल.